नोटीस लावण्याआधी वही वाचायची होती

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यशाळा समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सोमवारी सकाळी एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे, दोन शीट रिक्षात आडवे घालून मी दांडिया बाजारातून कार्यशाळेत पोचले, तर लेझरने कापायच्या मशीनच्या खोलीला कुलूप. दारावर कागद: ‘सभासदांच्या निष्काळजीपणामुळे मशीन अनिश्चित काळासाठी बंद. निर्णय होईपर्यंत कोणीही चौकशी करू नये.’ चौकशी करू नये म्हणता, तर करत नाही. जे मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते. चारचौघांसमोर लिहिते, कारण याआधीची माझी तीन पत्रं आपल्या फायलीत पडून आहेत आणि एकालाही उत्तर आलेलं नाही. मशीन विकायचं चाललंय असंही कानावर आलं आहे. ते खरं असेल तर हे पत्र उशिराच लिहिलं म्हणायचं.

माझं यात काय अडकलं आहे ते आधी सांगते. चार वर्षांपूर्वी मी दोनशे रुपये भरून सभासद झाले. दारावरच्या नावाच्या पाट्या, रांगोळीचे छापे आणि श्रावण लागला की मखरं, एवढा माझा धंदा. माझी मखरं घडीची असतात. खिळा नाही, गोंद नाही, खाचेत खाच बसवायची आणि विसर्जनानंतर सोडवून माळ्यावर ठेवायची. यातली मेख अशी की लेझरचा किरण, म्हणजे बीम, स्वतःच माल जाळून जागा करतो, साधारण ०.२ मिमी. म्हणून ३ मिमीच्या शीटला खाच ३ ची काढली तर ती सैल होते, २.८ ची काढली तर हाताने दाबून घट्ट बसते. हे गणित बसवायला मला अख्खा एक गणपती गेला. आणि बसवल्यावरही ते बसलेलंच राहतं असं नाही. लेन्सवर धुराची पुटं चढली की बीम पसरतो, कट रुंद होतो आणि मखर डुलायला लागतं. एका गिऱ्हाइकाने पाचव्या दिवशी फोन केला होता, ‘ताई, बाप्पा हलतायत.’ त्या फोननंतर मी लेन्स पुसायला शिकले.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता मी आणि आणखी दोघं-तिघं मशीन उघडतो. लेन्स पिवळसर असते, झिंक सेलेनाइडची, नखाएवढी. ती उघड्या बोटाने धरायची नाही. लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकायचा आणि कागद तिच्यावरून नुसता ओढायचा, दाबायचा नाही. मग तीन आरसे. मग जाळीखालच्या ट्रेमधला जळका भुसा काढायचा, कारण आग लागते ती बहुतेक तिथूनच. मग एक्झॉस्टचा पंखा, त्यात एमडीएफच्या धुराचा चिकट काळा थर बसतो, तेलाच्या डब्याच्या झाकणासारखा. या कामाचे पैसे आम्ही कधी मागितले नाहीत. चहाचेही नाहीत. ‘सभासदांचा निष्काळजीपणा’ हे शब्द वाचताना माझ्या नखांत तो काळा थर होता, हे आपल्याला कळावं एवढंच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचीही आठवण करून देते. पाणी मागच्या गल्लीत आलं आणि रात्री आठ जणांनी मिळून हे मशीन पहारी लावून उचललं, खाली विटा सरकवल्या, चिलर (मशीनचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) आणि कॉम्प्युटर माळ्यावर नेला. पाणी उंबऱ्याशी थांबलं, म्हणून ती गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्या आठांत समितीचे एक सदस्य होते. बाकी सात सभासद.

आता मशीनला आग लागली त्या रविवारचं.

पॉलिटेक्निकचा एकोणीस वर्षांचा मुलगा ५ मिमीचं अ‍ॅक्रिलिक कापत होता. मशीन चालू ठेवून तो चहाच्या लारीवर गेला. दोन मिनिटं असतील, चार असतील. ही त्याची चूक आहे आणि मी ती झाकणार नाही. चालू लेझर सोडून जायचं नाही, हा या कामातला पहिला नियम आहे. पण पुढे काय काय झालं ते नोटिशीत नाही, म्हणून इथे लिहिते.

अ‍ॅक्रिलिक हा लाडका माल आहे. कड काचेसारखी निघते, पॉलिशही लागत नाही. पण त्याची वाफ पेट घेते. म्हणून बीमच्या जोडीला नोझलमधून हवेचा झोत सोडतात. तो झोत ज्योत धरू देत नाही. हा झोत देणारा छोटा कॉम्प्रेसर त्या रविवारी तीन आठवडे बंद होता. मशीनशेजारच्या वहीत माझ्या अक्षरात नोंद आहे: ‘हवा येत नाही. अ‍ॅक्रिलिक कापू नये. कॉम्प्रेसर बघावा.’ तिच्याखाली समितीची सही आहे आणि एकच शब्द, ‘पाहिले’.

त्या मुलाने ही नोंद वाचली नाही. वाचणार कशी? हिशेब तपासणीसाठी म्हणून वही त्याच्या आठ दिवस आधीच उचलून ऑफिसच्या कपाटात ठेवली होती, ती आजही तिथेच आहे. त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. नव्या सभासदाला मशीन देण्याआधी दोन तासांचं शिक्षण द्यायचं, ही पद्धत दिवाळीनंतर बंद झाली. कारण सांगितलं गेलं की शिकवणाऱ्याचं मानधन परवडत नाही. तो मोबाइलवर बघून शिकला आणि मोबाइलवर ज्याने दाखवलं त्याच्याकडे हवा चालू होती.

धूर बघून तो धावत आला आणि त्याने झाकण उघडलं. झाकण उघडलं की बीम आपोआप बंद पडायला हवा, त्यासाठी झाकणाला स्विच असतो. तो स्विच मधूनमधून दगा द्यायचा म्हणून मागच्या वेळी बोलावलेल्या मिस्त्रीने तारेचा तुकडा लावून तो सरळ जोडून टाकला होता. झाकण उघडं आणि बीम चालू. या लेझरचा किरण दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरची. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही आणि बुबुळ भाजतं. बंद झाकणाचं साधं अ‍ॅक्रिलिक तो अडवतं, उघडं झाकण काय अडवणार? मुलाने लाल बटण दाबलं हे त्याचं नशीब, आणि आपलंही.

मग त्याने भिंतीवरचा अग्निशामक ओढला. तो पावडरचा होता. ज्योत वीतभर होती, झाकण लावून पंखा बंद केला असता किंवा ओलं फडकं टाकलं असतं तरी भागलं असतं. पावडर मात्र बेल्टमध्ये गेली, रेलवर गेली, मोटारीत गेली, आरशांवर बसली. पावसाळ्याच्या हवेत तिला ओल धरली की ती लोखंड खाते. मशीनचं जे नुकसान झालं त्यातलं आगीचं किती आणि पावडरचं किती, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. लेझरशेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवतात, तो मागे घाण ठेवत नाही. माझ्या तीनपैकी दुसरं पत्र याच एका सिलिंडरबद्दल होतं.

आणि या सगळ्याची भरपाई म्हणून समितीने त्या मुलाकडे दहा हजार रुपये मागितले. दोन हजारांचा पहिला हप्ता त्याने भरलाही. तक्रार न करता भरला, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

निष्काळजीपणाचा विषय निघालाच आहे, तर गेल्या वर्षीच्या गणपतीआधीची एक सकाळही सांगून टाकते. खोलीत शिरले आणि घसा धरला. जळक्या लाकडाचा वास आम्हाला सवयीचा आहे, हा तसा नव्हता. झोंबणारा होता, न्हाणीघर धुवायच्या अ‍ॅसिडसारखा. आठवड्याभरात रेलच्या स्क्रूंवर नारिंगी गंज चढला. मकरपुऱ्याहून आलेल्या मिस्त्रींनी रेलवर नख घासलं, नखाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बेन, आमां कोईए पीवीसी काप्युं छे.’ म्हणजे यात कोणीतरी पीव्हीसी कापलंय. ट्रे ओढला तर खाली पांढऱ्या सनबोर्डची पट्टी निघाली, त्यात ‘मोरया’ अशी भोकं.

बाजारात सनबोर्ड म्हणून जो मिळतो तो बहुतेक पीव्हीसीचाच फोम असतो. स्वस्त, हलका, पांढराशुभ्र, सजावटीला झकास. कटरच्या पात्याने खुशाल कापावा. लेझरने जाळला की त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन सुटतो, हवेतली ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं, आणि ते आधी लोखंडावर बसतं की आपल्या फुप्फुसात, हे उभं राहणारा कुठे उभा आहे त्यावर. ती पट्टी मी घरी नेली. खिडकी उघडून गॅसवर तांब्याची तार लाल केली, ती पट्टीला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. हिरवी झाली की बहुधा क्लोरीन आहे. रसायनशास्त्रात याला बेलस्टाइन चाचणी म्हणतात. माझ्याकडे कोणी नवा प्लॅस्टिकचा माल आणला आणि त्याला त्याचं नाव सांगता आलं नाही की मी आजही हेच करते. तार पाच रुपयांची आहे.

त्या रात्री खोलीची चावी कोणाकडे होती हे वहीत आहे. कोणी कापलं हे मला ठाऊक नाही आणि मला ते शोधायचंही नाही. कुठल्या तरी मंडळाची घाई असेल, गणपतीच्या आदल्या आठवड्यात बडोद्यात कोणाला घाई नसते? फक्त ‘सभासद’ हा शब्द लिहिताना समितीचे सदस्यही सभासदच आहेत, एवढं ध्यानात घ्यावं. तेव्हा नोटीस लागली नव्हती आणि भरपाईही मागितली गेली नव्हती.

पाण्याबद्दल. लेझर ज्या ट्यूबमध्ये तयार होतो ती काचेची असते, आत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम, बाहेरून पाणी फिरतं आणि तिला थंड ठेवतं. हे पाणी डिस्टिल्ड हवं. आपल्या चिलरमध्ये बोअरचं घातलेलं आहे. बोअरच्या पाण्याने कुकरच्या तळाशी काय होतं हे ज्यांच्या घरी स्वयंपाक होतो त्यांना सांगायला नको. मे महिन्यात इथे पारा ४२ वर जातो, तेव्हा चिलर ओरडायला लागला. ओरडण्याचा त्रास होतो म्हणून कोणीतरी त्याच्या भोंग्याची तार काढून ठेवली, ती अजून लोंबते आहे. पावसाळ्यात उलटा प्रकार. उन्हाळ्यात खाली आणलेलं तापमान कोणी वर नेलं नाही, दमट हवेत थंड ट्यूबला घाम फुटला, जसा फ्रिजमधल्या बाटलीला फुटतो. त्या ट्यूबच्या टोकाला हजारो व्होल्ट असतात. एका दुपारी आत निळी ठिणगी उडाली आणि चट्ट असा आवाज आला. त्याचीही नोंद आहे. तिच्यापुढे ‘पाहिले’सुद्धा नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण पैशांवरून भांडण्यात मला रस नाही. मिनिटाला सहा रुपये आपण घेता. मशीन दिवसाला सरासरी तीन तास तरी चालतं. सहातला एक रुपया जरी मशीनच्या नावाने बाजूला पडला तरी दिवसाचे १८०, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर ४,५००, वर्षाला ५४,०००. लेन्स, आरसे, बेल्ट, पाणी, आणि दमलेली ट्यूब बदलायची वेळ आली तर तिची जमवाजमव. ट्यूब दमणारच. ती दिव्यासारखी आहे, तासांचं आयुष्य घेऊन आलेली. ती संपली की कोणाचा तरी गुन्हा शोधायचा नसतो, नवी आणायची असते. वर्धापन दिनाला मांडव, फलक आणि शाली यांवर किती खर्च झाला ते मी विचारत नाही. शाल मलाही मिळाली होती.

त्या वर्धापन दिनाच्या भाषणात अध्यक्षसाहेब, आपण कलाभवनाचं नाव घेतलंत. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, गज्जर सरांनी तिथे रंगाईचं शास्त्र शिकवलं, दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. सगळं खरं. आमच्या आजोबांच्या तोंडी कलाभवनाचं नाव निघालं की ते मांडी सावरून बसायचे. मला त्या दिवशी त्यात एक भर घालायची होती, पण माइक माझ्यापर्यंत आला नाही. ज्या जातीचा लेझर आपल्या खोलीत आहे तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी केला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याला. आडनाव गुजराती आणि गाव मराठी, बडोद्याच्या माणसाला याहून जवळचं काय असणार? ज्या गावाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कारागिरांच्या हाती यंत्रं आणि रसायनं देण्यासाठी शाळा काढली, त्या गावातल्या आपण एका मशीनवर दोन तासांचं शिक्षण परवडत नाही म्हणून बंद केलं.

आपली बाजूही मला दिसते. आग ही आग असते. वर दुसऱ्या मजल्यावर बालवाडी आहे. उद्या काही झालं तर पोलिस समितीच्या दारात येतील, माझ्या नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद ठेवण्याला माझा विरोध नाही. मी समितीत असते तर त्या रविवारीच बंद केलं असतं. माझा विरोध ‘अनिश्चित’ या शब्दाला आहे आणि ‘सभासदांच्या’ या शब्दाला आहे.

तेव्हा मागण्या. दारावरची नोटीस काढून नवी लावावी आणि तिच्यात काय दुरुस्त होणार, कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहावं. त्या मुलाचे दोन हजार परत करावेत. त्याला शिक्षा द्यायचीच असेल तर महिनाभर गुरुवारी आमच्याबरोबर ट्रे साफ करायला बसवा, तो शिकेलही. झाकणाच्या स्विचमधली तार आधी काढा, बाकी सगळं त्यानंतर. तो स्विच बसेपर्यंत समितीच्या सदस्यांनीसुद्धा मशीन चालवू नये. कॉम्प्रेसर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, डिस्टिल्ड पाणी: यातलं एकही मोठ्या खर्चाचं नाही आणि तिन्ही मी लेखी मागितलेलं आहे. दोन तासांचं शिक्षण पुन्हा सुरू करावं. मानधनाची अडचण असेल तर आम्ही तिघं आळीपाळीने फुकट शिकवू, फक्त शिकल्याशिवाय कोणालाही चावी मिळणार नाही असा ठराव करा, आणि ‘कोणालाही’ म्हणजे कोणालाही. काय कापायचं नाही त्याची यादी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मराठीत आणि गुजरातीत: पीव्हीसी, सनबोर्ड, रेक्झिन, थर्माकोल, आणि नाव माहीत नसलेलं कुठलंही प्लॅस्टिक. रेक्झिनवरून वाद होतो, लोक त्याला चामडं समजतात. त्यातही बहुधा पीव्हीसीच असतं. मिनिटामागचा एक रुपया वेगळ्या खात्यात टाका आणि त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लावा.

आणि वही परत द्या. ती मशीनच्या शेजारी दोरीने बांधलेली असायची, पेनही बांधलेलं. कोणी किती मिनिटं काय कापलं, किती पॉवर लावली, काय बिघडलं, कोणी पुसलं, सगळं त्यात आहे. दहा जणांनी वापरायच्या वस्तूला बोलता येत नाही, म्हणून ती वही होती. कपाटात तिचा उपयोग नाही. हिशेबासाठी पानं हवी असतील तर झेरॉक्स काढा, दुकान जवळच आहे.

विकण्याबद्दल एकच सांगते. मकरपुऱ्यात आणि शहरात जॉबवर्क करणारे लेझरवाले भरपूर आहेत, मी तिथे जाऊ शकते आणि या वर्षी बहुधा जाईन. तिथे माझी फाइल घेतात, माल देतात, पैसे घेतात. मला कोणी आत उभं राहू देत नाही. खाच सैल का झाली हे मला तिथे कधी कळलं नसतं. त्या मुलालाही कळणार नाही.

गणपती सात आठवड्यांवर आले आहेत. माझ्या वहीत अकरा मखरांच्या ऑर्डरी आहेत, आणखी चौघांच्या माझ्याहून जास्त असतील. आम्ही कसंही निभावून नेऊ.

येत्या गुरुवारी चार वाजता मी नेहमीप्रमाणे येईन. लेन्सचा कागद, अल्कोहोलची बाटली आणि हातमोजे पिशवीत असतील. पावडर निघायला एक दुपार पुरणार नाही, तीन-चार गुरुवार लागतील, आणि पाऊस वाढायच्या आत सुरुवात करायला हवी. चावी आपल्याकडे आहे.

आपली,
एक सभासद
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. वही कपाटात जाण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या हिशेबासाठी तिच्या पानांचे फोटो काढले होते. कॉम्प्रेसरची नोंद पान ४१ वर आहे, निळ्या शाईत. ‘पाहिले’ हिरव्या शाईत आहे.